फाईल सासरी, पोरगी माहेरी

मंगळवारी सकाळी आमच्या आरोग्य केंद्रात जे झालं ना, ते सगळ्यांना सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही! दोन दिवस झाले, अजून पाय जमिनीवर नाहीत...

मी वैरागजवळच्या एका गावात नर्स आहे, चौदा वर्षं बाळंतपणं करतेय. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे पोरगी आठ-नऊ महिने सासरी तपासण्या करून घेते आणि ऐन वेळी आमच्या दारात येते... बऱ्याचदा हात हलवत.

मंगळवारी तशीच एक आली. सुवर्णा म्हणू तिला. सासर आणि नवऱ्याची नोकरी चंद्रपूरकडे, ती चारच दिवसांपूर्वी माहेरी आलेली. पोटात जरासं दुखत होतं, अंगावर थोडं लाल गेलं होतं. फाईल विचारली तर म्हणे, सासरी कपाटावर राहिली. तिची आई मात्र एकदम निवांत. "सगळं नॉर्मल हाय की सिस्टर, लई तपासण्या झाल्यात तिच्या."

मलाही वाटलं, कळा सुरू झाल्या. डॉक्टर मीटिंगला गेलेले. तिला टेबलावर घेतलं, आतून तपासायचं म्हणून ग्लोव्ह चढवला...

आणि तो ग्रुप आठवला. राज्यभरातल्या बाळंतपण करणाऱ्या नर्स आणि डॉक्टरांचा ग्रुप यंदाच सुरू झालाय. दुसऱ्या जिल्ह्यातून बाई आली आणि कागद नसले तर आधी तिथं विचारायचं, मगच हात लावायचा, असं ठरलंय. खरं सांगू? यावर सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली होती. आधीच मोबाईलमध्ये ग्रुपांची जत्रा, त्यात आणखी एक!

तरी ग्लोव्ह काढला. तिचं नाव न घालता लिहिलं... चंद्रपूरकडून आलेली, पहिलटकरीण, नववा महिना, कुणाकडे तपासत होती? चहाचा कपही संपला नसता तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे चंद्रपूरकडची एक अनोळखी सिस्टर, धापा टाकत. त्यांनी पोरीचं गाव सांगितलं, नाव सांगितलं, हीच ती.

"ताई, आत हात लावू नका जी. तिची वार खाली आहे."

वार म्हणजे प्लॅसेंटा; ती गर्भपिशवीच्या तोंडाशी असली की बोटाच्या नुसत्या धक्क्यानं असा रक्तस्राव सुरू होतो, की आमच्या छोट्या केंद्रात तो थांबवणं माझ्या हातात नाही. आई आणि बाळ, दोघंही जाऊ शकतात. आणि मी अगदी तेच करायला निघाले होते...

पुढचं सगळं भराभर झालं. त्या सिस्टरनी सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि रक्तगट पाठवला, ग्रुपमधल्याच सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी ते बघून ऑपरेशनची तयारी केली. ॲम्ब्युलन्स पोहोचायच्या आधी तिथं तिच्या गटाचं रक्त तयार होतं. दुपारी निरोप आला... मुलगी झाली, दोघी सुखरूप! मी चक्क उड्या मारल्या, अख्खी ओपीडी बघत होती. बघू दे की!

मग चंद्रपूरला फोन लावला. वाटलं, ताई आनंदानं ओरडतील.

तर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वीस वर्षं झाली जी नोकरीला. माझ्या पोरी माहेरी जातात आणि पुढं त्यांचं काय झालं, ते मला कधीच कळत नाही. आज पहिल्यांदा कुणी सांगितलं."

ताई, आपण एकमेकींना पाहिलेलंही नाही, पण तुमच्यामुळे मंगळवारी माझ्या हातून एक जीव जाता जाता राहिला... दोन जीव. तुमची पोरगी बरी आहे. लेक दूध पितेय.