हातोडीला बांधलेलं सूत

वरून खाली पडणाऱ्या वस्तूंशी आमच्या शेजारच्या मिस्त्रींइतकं हाडवैर धरणारा माणूस साऱ्या लकडगंजात नव्हता. जन्म विणकराच्या घरातला, पण माग सोडून ते पाण्याच्या उंच टाक्या बांधायला गेले आणि जाताना घरातलं सूत तेवढं घेऊन गेले. पाना, थापी, हातोडी, जे हाती येईल ते पीळ दिलेल्या सुतानं मनगटाला बांधल्याशिवाय ते शिडीची पहिली पायरी चढत नसत. कामावर हे ठीक होतं. पण माणूस घरीही तसाच! माझी बायको स्टुलावर चढून फळीवरचा डबा काढू लागली, की हे खिडकीतून ओरडत, "वहिनी, डब्याले सूत बांधा!" एकदा मी पंखा पुसायला चढलो, तर यांनी फडक्यालाही सूत बांधलं. फडकं पडून कोणाचं डोकं फुटणार, असं मी विचारलं. "आज फडकं हाये, उद्या पाना असन. हाताले सवय पाहिजे जी मास्तर." दिवसभर शाळेत पोरांशी डोकेफोड करून आल्यावर घरी हे ऐकायचं, म्हणजे माझा अगदी संताप व्हायचा.

एका उन्हाळ्यात मी कवेलूंखालच्या पट्ट्या ठोकायला छपरावर चढलो. मिस्त्रींनी हातोडी माझ्या मनगटाला बांधली, खाली चुन्याचं रिंगण आखलं, तिथे तांदूळ निवडत बसलेल्या माझ्या बायकोला उठवलं आणि स्वतः शिडी धरून उभे राहिले. सूत दर ठोक्याला कवेलूत अडकत होतं. शेवटी वैतागून मी ते दातांनी तोडलं. दोनच ठोके झाले असतील, हातोडी निसटली, घरंगळली आणि शिडी धरलेल्या त्यांच्या उजव्या हातावर पडली. दोन बोटं मोडली. दवाखान्यात मला त्यांच्याकडे बघवेना. ते एवढंच म्हणाले, "वहिनी तिथंच बसून राहिली असती तं?"

बोटं जुळली, पण गाठ मारण्याइतकी वळेनात. मग रोज सकाळी, नेमक्या माझ्या शाळेच्या वेळेला, मिस्त्री हत्यारं घेऊन दारात उभे. मी गाठ मारायची, त्यांनी ओढून पाहायची. "ढिली हाये जी. पुन्हा बांधा." तीन-तीनदा! मी चिडायचो आणि बांधायचो.

मिस्त्रींना जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा खिळा ठोकायला स्टुलावर चढलो, हातोडी मनगटाला बांधली आणि सवयीनं गाठ दाखवायला हात खिडकीकडे केला. गाठ ढिली आहे, असं कोणी म्हणालंच नाही.