आईनं बाबांना पहिल्यांदा बघितलं, ते हॉटेल आज पाडलं

मंडळी, स्टेशन रोडवरचं ते जुनं दुमजली हॉटेल आज पाडायला घेतलंय. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेताना गर्दी दिसली, म्हणून गाडी बाजूला लावली.

पोकलेननं समोरची भिंत काढली होती. वरची हिरवी फॅमिली रूम रस्त्यावरून उघडी दिसत होती. आई एकदम म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला हितंच बघितलं."

मला हे ठाऊकच नव्हतं. आजोबा, म्हणजे तिचे वडील, तिला दाखवायला मुरगूडहून एसटीनं इथं घेऊन आले होते म्हणे.

"मग काय बोलले बाबा?"

"कशाचं बोलत्यात! मान खाली घालून भजी खात बसले. शेवटचं भजं मात्र माझ्याकडं सरकवलं. तवाच म्हटलं, माणूस बरा हाय."

बाबा गेल्यापासून आई त्यांचं नावही काढत नव्हती. आज भर रस्त्यात हसत होती.

मशीन त्या खोलीकडं वळलं. "चल, हे न्हाय बघायचं मला," म्हणून ती वळली. भिंत कोसळली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला, पण मागं बघितलं नाही.

दवाखान्यात नंबर येईपर्यंत ती बाबांबद्दलच बोलत होती.

तुमच्या घरातलं कोण बसलं होतं त्या हॉटेलात? आज विचारा की.