अक्कांची दहा मिनिटं

संध्याकाळचे साडेपाच वाजले की अक्का उठत. बोलणं अर्धं राहिलं तरी चालेल, पण आनेकलची बस चुकता कामा नये. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या कंपनीत वेळेवर घरी जाणारं असं दुसरं माणूस नव्हतं, आणि आम्हा सगळ्यांच्या जादा तासांची नोंद सांभाळणं हेच त्यांचं काम होतं.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इकडचंच. मराठीत मधूनच कानडी 'सरी' (ठीक) आणि 'स्वल्प' (थोडं) डोकावत. मला त्या तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. सांगोल्याहून आल्यावर या शहरात मला नात्याची हाक मारणाऱ्या त्या पहिल्याच.

दर सोमवारी त्या प्रत्येकाच्या टेबलापाशी येऊन संगणकातल्या नोंदी तपासत. आठ जादा तास साठले की एक सुट्टी मिळे, त्यामुळे कुणी पावणेआठचे आठ करून टाकी. "पावणेआठ म्हणजे आठ नव्हेत," असं म्हणून अक्का तिथेच उभ्या राहून ते दुरुस्त करून घेत. चहाला गेलेली वेळही वजा करायला लावत. पोरं मागे कुरकुरत, पण शनिवारी काम केलेलं कुणी लिहायला विसरलं, तर अक्काच आठवण करून देत.

माझी चूक उलटी होती. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. शाळेत घंटा झाल्यावरही लिहीत बसणाऱ्याचा पेपर सर ओढून घेत, ते डोक्यात पक्कं बसलं होतं. जादा वेळ लागतो म्हणजे आपण कच्चे. म्हणून मी सहाला संगणकात 'बाहेर' अशी नोंद करायचो आणि पुन्हा कामाला बसायचो.

चौथ्या महिन्यात घरून फोन आला. वडिलांची मिरजेला बायपास ठरली होती. नव्या माणसाला सहा महिने रजा नव्हती, फक्त जादा तासांची सुट्टी चालत होती. माझी शिल्लक शून्य. नोकरी सोडूनच जावं लागणार, असं मनाशी ठरवून मी अक्कांकडे गेलो.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "अख्ख्या टीमचे तास वाढलेत आणि तुझंच शून्य?" एवढं म्हणून त्या खाली गेल्या आणि वॉचमनची वही घेऊन आल्या. पानं उलटता उलटता म्हणाल्या, "संगणकात तू सहाला गेलास. वहीत साडेआठला. अडीच तास काय जिन्यात बसला होतास?"

मी हळू काम करतो, म्हणून लिहिलं नाही, असं मी कसंबसं सांगितलं.

"तू हळू आहेस की काम जास्त आहे, ते मॅनेजर बघतील. तू खोटं का लिहिलंस?"

ज्याला मी नम्रपणा समजत होतो, त्याला खोटं म्हणणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं. मॅनेजरसमोर त्यांनी मलाच बोलायला लावलं. मॅनेजरनी वही पाहिली, मंजुरी दिली, आणि हे आधी का सांगितलं नाहीस, एवढंच विचारलं. बेरीज साडेसत्तेचाळीस तास झाली. सहा दिवसांना अर्धा तास कमी. मॅनेजर म्हणाले, राहू दे, सहा धरा. अक्का मला म्हणाल्या, "अर्धा तास बसून जा, तम्मा. आज नोंद करून बस."

बसलो. इतक्या हलक्या मनानं मी त्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो.

शुद्धीवर आल्यावर वडिलांनी पहिलं विचारलं, नोकरी सोडून आलास का? म्हटलं, नाही, माझ्याच तासांवर आलोय. त्यांनी मान हलवली आणि निवांत डोळे मिटले. आता ते रोज सकाळी बाजारापर्यंत चालत जातात.

आज टीमच्या नोंदी मी बघतो. कुणा नव्या मुलीची शिल्लक सलग शून्य दिसली, की मी खाली जाऊन वही मागतो.

अक्का निवृत्त झाल्या त्या दिवशी भाषणं लांबली. पर्स खांद्याला लावून त्या दारापाशी थांबल्या, घड्याळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तम्मा, दहा मिनिटं जादा झाली. लिही."

इतक्या वर्षांतली त्यांची ती पहिलीच जादा नोंद. कारणाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं.

"खरं ते लिही."

त्या बसला गेल्या. मी लिहिलं, 'आम्ही अक्कांना सोडलं नाही.'