सरहद्दीवरचा प्रवेश

आखातातल्या आमच्या मराठी मंडळाने एका जर्मन नाटककाराचं चरित्र रंगमंचावर आणायचं ठरवलं. कारण एवढंच, की दुसऱ्या मंडळाने विनोदी नाटक आधीच उरकलं होतं. हा गृहस्थ मालकांविरुद्ध, युद्धाविरुद्ध लिहायचा. मग जिवावर बेतल्यावर देश सोडून पळाला आणि वर्षानुवर्षं परमुलखात बॅग भरून राहिला. त्यात काय विशेष, आम्ही सगळे तसेच राहतो. भूमिका माझ्या गळ्यात पडली. मी तेव्हा हमरिया फ्री झोनमध्ये स्टोअरकीपर होतो.

तालमी मंडळाच्या सेक्रेटरींच्या देरा भागातल्या फ्लॅटवर, वडे खात व्हायच्या. सेक्रेटरींनी जर्मनाचं तत्त्व समजावलं, "ऑडियन्सला रडवायचं नाही, थिंक करायला लावायचं. म्हणून नट मध्येच थांबून त्यांना डायरेक्ट प्रश्न विचारतो." माझा प्रश्न सरहद्दीवरच्या प्रवेशात होता : "माझे कागद कुणाच्या कपाटात आहेत?"

हे वाक्य मला पाठ करावं लागलं नाही. माझा पासपोर्ट मालकांच्या कपाटात होता, म्हणे सांभाळायला. प्रयोगानंतरच्या सोमवारी रत्नागिरीला आईची बायपास होती. पासपोर्ट मागितला की मालक गोड हसायचे, "इन्शाल्ला, देखते हैं." मालक आपलेच, रायगडचे. नाटकाचे प्रायोजकही तेच.

प्रयोगाला ते अर्थातच उशिरा आले. प्रायोजक आला की आमच्याकडे नाटक थांबतं, शाल-श्रीफळ होतं, मग गोष्ट पुढे सरकते. सेक्रेटरींनी मला ऐन सरहद्दीवर थांबवून मालकांना स्टेजवर बोलावलं. पळून चाललेला जर्मन बॅग धरून बाजूला उभा. फोटो संपेनात.

"यल्ला, तू सुरू कर," सेक्रेटरी कुजबुजले.

मालक अजून समोरच होते. मी त्यांच्याकडे वळलो आणि विचारलं, "माझे कागद कुणाच्या कपाटात आहेत?" आवाज चिरकला. जर्मन केव्हाच गळून पडला होता. मला राग आला होता आणि आईला भेटायचं होतं.

टाळ्यांचा कडकडाट. मालकांचे डोळे भरून आले. नव्या कोऱ्या शालीने ते पुसत त्यांनी मला मिठी मारली. "काय अ‍ॅक्टिंग केलीस रे! एकदम रिअल!"

बिचाऱ्या जर्मनाची हयात पाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. कपाट त्यांच्या पाठीशीच होतं. "आईला कालचा व्हिडिओ पाठव," ते म्हणाले, "बरं वाटेल त्यांना."

सोमवारी आईला आत नेलं तेव्हा मी बहिणीच्या फोनमध्ये होतो, हमरियाच्या गोदामात उभा.