गोमगुरुजींची गोमाई

साधी गोम दिसली तरी बाकावर चढणारा माणूस पुरुषभर लांब गोमेसाठी झुरत होता, हे कुणाला सांगून खरं वाटेल? पण आमचे गोमगुरुजी तसेच. शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. सत्तरच्या दशकात कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की कोट्यवधी वर्षांपूर्वी माणसाहून लांब, गोमेसारखा प्राणी होता आणि परदेशात त्याचे ठसे दगडांत सापडलेत. झालं! त्या दिवसापासून वाटेतला प्रत्येक दगड गुरुजी उलटून बघू लागले. "तिकडं सापडते, तं आपल्या भंडाऱ्यात काहून नाही?"

बाकी माणूस कडक. देवळापुढून जाताना मान ताठ. पोरगं भूत पाहिलं म्हणालं, की यांचं ठरलेलं, "पुरावा आन!" भाजी खारट नाही म्हणणाऱ्या वहिनींकडेही त्यांनी पुरावा मागितला. वहिनींनी अख्खी भाजी त्यांच्याच ताटात ओतली.

एका उन्हाळ्यात गावच्या लहान तलावाचा, आमच्या बोडीचा, गाळ काढताना वळ्यावळ्यांचा लांबलचक दगड निघाला. गुरुजी चिखलातच नाचले. "गोम हाय, बापा! कोट्यवधी वर्षांची!" दगड बोडीच्या बांधावर, पाळीवर ठेवला, नागपूरच्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावणं गेलं. पण ते येईपर्यंत गाव थोडंच थांबतं! इतकी जुनी म्हणजे देवीच. शेंदूर लागला, नारळ फुटला, नाव पडलं गोमाई. खळ्यावर निजणाऱ्यांच्या कानात गोम जाऊ नये म्हणून बाया नवस बोलू लागल्या.

प्राध्यापकांनी कोपऱ्यावरचा शेंदूर खरवडून पाहिला. म्हणाले, "ही गोम नाही. फार जुन्या पाण्यानं वाळूवर उमटवलेल्या लाटा आहेत, दगड झालेल्या." गुरुजींचा चेहरा पडला. पण माणूस खरा. तिथंच पाळीवर उभं राहून ते गावाला म्हणाले, "ऐका! माहं चुकलं. हे गोम नाही. शेंदूर धुवा!"

गुरुजींच्या शेजारची सरूआजी पदर खोचून पुढे आली. "गोमाई आल्यापासून कोनाच्या कानात गोम गेली का?"

"नाही. पन आधी तरी कुठं जात होती?"

"मंग पुरावा आना!"

गुरुजी पाळीवरून उतरले आणि घराकडे निघाले.

पुढे निवृत्तीनंतरही ते रोज संध्याकाळी पाळीवर जात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या लाटा समजावून सांगत. लोक मान डोलावत, नमस्कार करत आणि प्रसाद गुरुजींच्या हातावर ठेवत. खोबरं मात्र ते आवडीनं खात.

ते गेल्यावर काही दिवसांनी बोडीकडे गेलो, तर गोमाईशेजारी एक छोटा दगड. शेंदूर फासलेला. सरूआजी तिथंच दिवा लावत होती.

"हे कोण, आजी?"

"गुरुजी नं! गोमाईले सोडून कुठं जातीन?"

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. मी चपला काढल्या. माफ करा गुरुजी, पण तुमच्यापुढे हात जोडायला मला पुरावा लागत नाही.