खालची तोटी

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे ‘उभी मावशी’ म्हणतात. सत्तावीस वर्षं ती मसाल्यांचं तेल काढणाऱ्या भट्टीपाशी उभी आहे. खाली बसलं की काचेच्या भांड्यातली तेलाची रेघ दिसत नाही, म्हणून बसायचं नाही. मी तिथेच बाटल्यांना लेबलं लावते, तेही बसून. त्यामुळे तिच्यासमोर दमले म्हणायची मला सोय नाही.

काम सांगायला सोपं. भट्टीत मसाला, खालून वाफ. ती वाफ थंड नळीतून पाणी होऊन भांड्यात पडते आणि तेल वेगळं होतं. जिऱ्याचं तेल पोटाच्या औषधाला जातं, वेलचीचं बिस्किटवाल्यांना. दोन्ही पाण्यावर तरंगतात, म्हणून भांड्याची खालची तोटी उघडून पाणी गटारात सोडायचं. दातांच्या औषधाला लागणारं लवंगेचं तेल मात्र जड. ते तळाशी बसतं. तेव्हा पाणी वरच्या तोटीनं काढायचं आणि खालच्या तोटीला हातसुद्धा लावायचा नाही.

मावशीचे गुडघे कामातून गेलेत. तपासणीच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होणार होती. मालक म्हणाले, "मावशी, लवंगेची एवढी ऑर्डर पार पाडा, खुर्ची तुमचीच." त्यांना बोलायला काय जातं! आठवडाभर मावशीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. खुर्चीला हात टेकायला जागा आहे का, हेही जाऊन बघून आली.

लवंगेआधी तीन आठवडे जिरंच चाललं होतं. लवंगेच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती इतकी थकली होती, की हात जिऱ्याच्या सवयीनं चालला. तिनं खालची तोटी उघडली. गटाराची नळी निसटली होती, त्यामुळे सगळं तिच्या पायांवरून वाहत राहिलं. मी रिकाम्या बाटल्या न्यायला गेले, तर बाई चक्क हसत होती.

"अगं, आज पाय दुखतच नाहीयेत. खुर्चीचं ऐकून दुखणंच पळालं वाटतं!"

मीही हसले. खाली बघायचं मला सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

लवंगेचं तेल दुखरी दाढ बधिर करतं, तसे त्यानं तिचे पाय बधिर केले होते. अख्खी खेप गटारात गेली.

"इतकी वर्षं झाली, तरी कळलं कसं नाही?" मालकांनी विचारलं.

"बरं वाटत होतं, मालक," मावशी म्हणाली. खरं तेच सांगितलं तिनं.

खुर्ची दुसऱ्या बाईला मिळाली. तिचा काही दोष नाही, तरी तिला बघितलं की माझं डोकं फिरतं.

काल संध्याकाळी मी खोबरेल तेलात लवंगेच्या तेलाचे चार थेंब टाकून मावशीच्या पायांशी बसले. तिनं पाय जवळ ओढून घेतले.

"नको गं. दुखू देत. दुखत असले की लक्ष राहतं. उद्या परत भट्टीत लवंगच घालायचीय."