मार्कांचा उपास

सांगू का, कुणी "स्वतःवर प्रेम करा" म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. लातूरला हॉस्टेलवर राहून मी दुसऱ्यांदा मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होते, आणि टेस्टचे मार्क खाली खाली. मैत्रिणी रील पाठवायच्या, आरशात बघून हसा म्हणे! फिजिक्सची बोंब असताना हसू कशाला? मग मीच माझा उपाय काढला. टेस्ट खराब गेली की जेवायचं नाही. शिक्षाच. विचारलं कुणी तर उपास सांगायचा. लिंगपूजा मात्र चुकवली नाही हां. आम्हा लिंगायतांत इष्टलिंग गळ्यात असतं, ते तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि ताटातलं आधी त्याला दाखवून मग आपण खायचं. मी पूजा करायची, रडायची, आणि वर महादेवालाच विचारायची, एवढं सोसते तरी ऐकत कसा नाहीस?

शेवटी एक टेस्ट इतकी घाण गेली की ठरवलं, बस्स, घरी जाऊन बाबांना सांगायचं, मला जमत नाही, सोडते. कालपासून पोटात काही नाही, आणि एसटी भर उन्हात दोनदा बंद पडली! अहमदपूरला उतरले आणि डोळ्यापुढं अंधारच. कुणीतरी दंडाला धरून बाकावर बसवलं. कपाळभर विभूती लावलेली एक बाई. ओळख ना पाळख.

"पोटात काय हाय का न्हाई गं?"

"उपास आहे."

"आज कशाचा?"

मी इतकी वैतागले होते की खरंच सांगून टाकलं. "मार्कांचा!"

"ह्यो कोन्ता नवा सण काढलीस माय?" बाई हसलीच. मग तिला माझ्या गळ्यातलं दिसलं, आणि हसू गेलं. "लिंग हाय की. म्हंजी ह्ये बी उपाशीच? मार्क तुझे गेले, म्हादेवानं काय घोडं मारलं?"

तिनं डब्यातलं धपाटं हातावर ठेवलं. म्हणाली, आधी त्याला दाखव. तिथंच स्टँडवर, गर्दीत, मी लिंग तळहातावर घेतलं आणि हुंदकाच फुटला. इतके दिवस तो माझ्या छातीशी होता आणि मी त्याला उपाशी ठेवत होते. माझी दया मला कधीच आली नसती. त्याची आली. आणि त्याला खाऊ घालायचं तर घास माझ्याच तोंडात जाणार होता, दुसरा रस्ताच नाही!

तिची नांदेडची गाडी लागली, ती गेली. नाव विचारायचं राहिलं. महादेवच तिच्या रूपात आला होता का, मला माहीत नाही, आणि कुणाशी वाद पण घालायचा नाही. घरी गेले. बाबा म्हणाले, अशी अचानक? सोडते म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं, "भूक लागली."

लातूरला परतले, तर पुढच्या टेस्टलाही मार्क कमीच आले, बरं का. लई चिडले. पण ताट वाढून घेतलं, त्याला दाखवलं आणि म्हटलं, निकाल तू बघ महादेवा, आधी आपण जेवू.